कॉम्प टोकन वॉलेटमध्ये आहेत, पण मतं शून्य दिसतात

पार्ले_पूर्व:
कंपाउंड, म्हणजे इथेरियमवर क्रिप्टो ठेवायची आणि तारणावर कर्ज घ्यायची सेवा, तिचे थोडे कॉम्प टोकन घेतलेत. आधी एक्स्चेंजवर होते, आता स्वतःच्या वॉलेटमध्ये आणलेत. गव्हर्नन्सच्या (टोकनवाले जिथे प्रस्तावांवर मत देतात त्या) पानावर वॉलेट जोडलं की टोकन दिसतात, मतं मात्र शून्य. असं का? आणि लोक तिथे कर्ज घेऊन व्याज भरतात, त्यातलं टोकनवाल्याला काही मिळतं का?

लालबागची_हिशेबनीस:
तुम्ही अजून डेलिगेट केलेलं, म्हणजे मत कुणाच्या नावावर सोपवलेलं नाही, म्हणून शून्य. टोकन हातात आले तरी मत आपोआप सुरू होत नाही. डेलिगेटचा व्यवहार करून मत स्वतःच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या पत्त्यावर सोपवावं लागतं. टोकन तुमचेच राहतात, कधीही विकता येतात. गॅससाठी, म्हणजे त्या व्यवहाराच्या शुल्कासाठी, थोडं इथर (इथेरियमचं चलन) वॉलेटमध्ये असू द्या. आणि हे वेळेत करा, कारण मतदान सुरू होतं त्या ब्लॉकला (साखळीवरच्या त्या क्षणाच्या नोंदीला) तुमच्या नावावर जेवढी मतं असतील तेवढीच मोजतात. नंतर केलंत तर त्या प्रस्तावाला उपयोग नाही.

लाभांश मात्र नाही. व्याज ठेवीदारांना जातं, थोडा हिस्सा राखीव निधीत. तो हिस्सा किती, कुठलं तारण चालेल, त्यावर किती कर्ज द्यायचं, मागणी वाढली की व्याज कसं चढेल, हे टोकनवाले ठरवतात. तुमच्या हातात आहे तो हा अधिकार.

मी पतपेढीत काम करते. आमच्याकडे कुणाचे दहा शेअर असोत की हजार, सभेत मत एकच. इथे एका टोकनाला एक मत, म्हणून मोठा धारक भारी पडतो. जुलै 2024 चा प्रस्ताव 289 बघा: तिजोरीतले 4,99,000 कॉम्प एका गटाच्या योजनेत गुंतवायचे होते. 6,33,636 विरुद्ध 6,82,191 मतांनी मंजूर झाला! एकूण टोकन 1 कोटी. एवढ्या मोठ्या रकमेचा निर्णय, आणि बहुसंख्य टोकनांचं मतच पडलं नाही. आरडाओरडा झाला, मग तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. मला हे फार लागतं. छोट्या धारकांनी मत सोपवलंच नाही, तर मैदान मोकळंच राहणार.

पवई_कोडर:
ताईंशी सहमत. एक भर घालतो. प्रस्ताव मंजूर झाला तरी लगेच लागू होत नाही, टाइमलॉकमध्ये, म्हणजे सक्तीच्या प्रतीक्षेत, दोन दिवस थांबतो. कुणाला पटलं नाही तर पैसे काढून घ्यायला ही सवड. पण सप्टेंबर 2021 मध्ये हाच नियम अंगाशी आला. प्रस्ताव 62 मधून आलेल्या कोडमधल्या चुकीने काही खात्यांना भरमसाट कॉम्प मिळू लागले आणि कुणालाच ते थांबवता येईना, कारण दुरुस्तीलाही तीच सात दिवसांची वाट: मतदानाआधी दोन दिवस थांबायचं, मग तीन दिवस मतदान, मग दोन दिवस टाइमलॉक. कुणा एकाच्या हातात किल्ली नसण्याची ही किंमत. मला ती तरीही मान्य आहे.

पार्ले_पूर्व:
दुसऱ्याला मत द्यायचं तर माणूस कसा निवडायचा?

लालबागची_हिशेबनीस:
त्या पत्त्याने आजवर कुठल्या प्रस्तावांवर काय मत दिलं, ते सगळं उघड दिसतं. तारणाच्या प्रस्तावांवरची मतं आधी बघा, धोका तिथेच जास्त असतो. कारण लिहून मत देणारा असेल तर त्याला पहिली पसंती द्या. महिन्याला दोन-चार प्रस्ताव स्वतः वाचायची तयारी असेल तर स्वतःलाच डेलिगेट करा.