पणजीत रात्री आठनंतर काय असतं? तुमचे अनुभव लिहा

परवा पुण्याहून मित्राचा फोन आला. "तुझं काय बाबा, तू पणजीत! रोज रात्री धमाल." घड्याळात सव्वानऊ. मी बाल्कनीत उभा. खाली दोन कुत्री आणि औषधाच्या दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर. इतकी शांतता की शेजारच्या आजींनी कवळी काढून ग्लासात टाकली तर मला ऐकू यावं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, उगाच लपवू नकोस.

लोक पणजी, कळंगूट आणि बागा एकाच गाठोड्यात बांधतात. त्या किनाऱ्याच्या पार्ट्या इथून पंधरा किलोमीटर, आणि आमच्यातले कितीतरी जण वर्षानुवर्षं तिकडे फिरकलेलेही नाहीत. म्हणून म्हटलं, इथे राहणाऱ्यांना, इथे रात्री काम करणाऱ्यांना आणि इथे येऊन गेलेल्यांनाच विचारावं. स्वतः पाहिलेलं लिहा. दुकानांची, माणसांची नावं टाळा.

सुरुवात माझ्यापासून. माझी रात्र म्हणजे रस-ऑम्लेटचा गाडा. संध्याकाळी साडेसहा-सातला गाडा लागतो आणि कांदा चिरायचा आवाज सुरू होतो. ऑम्लेट साधंच, कांदा-मिरची घातलेलं. त्यावर शागुतीचा (खोबऱ्याच्या वाटणातल्या कोंबडीचा) रस्सा ओततात, वर कच्चा कांदा, लिंबाची फोड, बाजूला पाव. रश्शात कोंबडीचा तुकडा आला तर नशीब. खरी मजा दुसऱ्या वाढपाची. पाव संपत आला की बशी पुढे करून म्हणायचं, "मातसो रोस घाल रे", थोडा रस घाल रे. वीस वर्षांत त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागितलेले नाहीत. वकील, हमाल, पायलट (आमच्याकडे मोटारसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात), सगळे उभ्यानेच खातात. दहाच्या सुमारास रस संपतो आणि माझी नाइटलाइफही.

पत्तेवाला

मी मांडवी नदीतल्या एका कॅसिनो जहाजावर डीलर आहे, टेबलावर पत्ते वाटतो. गाव बांद्याजवळ. आमच्या भागातली बरीच मुलं इथल्या कॅसिनोंत आहेत. आई गावात सांगते, "मुलगा मोठ्या हॉटेलात आहे." आता मीही तेच सांगतो.

बाहेरून दिवे दिसतात, आतलं सांगतो. युनिफॉर्मला खिसे नसतात. मोबाइल लॉकरमध्ये. टेबल सोडताना दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे झटकायचे आणि तळवे उलटसुलट करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवायचे, म्हणजे हातात चिप राहिली नाही हे कळतं. ही सवय अंगात मुरते. बहिणीच्या लग्नात पंगतीत जिलबी वाढून झाली आणि मी परात खाली ठेवून हात झटकले, तळवे दाखवले. अख्खी पंगत बघत राहिली.

लोक विचारतात की जुगार नदीतच का. गोव्याच्या कायद्यात आधी पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना वाट मिळाली, मग १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या टेबलांना. म्हणून जहाज. ते कुठे जात नाही, नुसतं उभं असतं; जेट्टीवरून छोट्या बोटीने गिऱ्हाईक आणायचं, सोडायचं. फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना खेळायला बंदी आहे. माझ्या शेजारच्या टेबलावरचा डीलर मुलगा ताळगावचा, म्हणजे गोव्यातलाच. टेबलाच्या ह्या बाजूला तो रात्रभर उभा राहू शकतो, त्या बाजूला बसू शकत नाही.

आत बँड असतो, नाच असतो, जेवण असतं, आणि त्याकडे पाठ करून माणसं पत्त्यांकडे बघत असतात. गाणाऱ्या मुलीचा आवाज फार चांगला आहे. तीन वर्षांत तिच्यासाठी टाळ्या वाजलेल्या मी दोनदा ऐकल्या. त्यातल्या एकदा खरं तर कुणीतरी रूलेटवर जिंकलं होतं.

सकाळी सहाला सुटतो. जेट्टीवर उतरलं की पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकू येतो, सायकलच्या टोपलीत गरम पाव. दोन घेतो, चालत चालत कोरडेच खातो.

मिरजेची बँकवाली

पत्तेवालेदादा, जिलबीला हसून हसून पुरेवाट!

माझा अनुभव पर्यटकाचा. दोन वर्षांपूर्वी आई, दोन मावश्या आणि एक आत्या, अशी फौज घेऊन आले होते. सगळ्या साठीच्या पुढच्या. सांता मोनिका जेट्टीवरून संध्याकाळची तासाभराची बोट धरली. आधी देखणी (कोंकणी नाचगाणं) झाली, फुगडी झाली, एक पोर्तुगीज वळणाचा जोडीनाच झाला. मग निवेदक एकेकाला स्टेजवर बोलवायला लागला: आधी लहान मुलं, मग जोडपी, मग फक्त पुरुष, मग फक्त बायका.

आमच्या थोरल्या मावशीने आयुष्यात चारचौघांत पाय उचललेला नाही. मुलाच्या वरातीतही ती ओवाळणीचं ताट धरून बाजूला उभी होती. "फक्त लेडीज" म्हटल्यावर ती उठली. मला वाटलं, बाथरूमला निघाली. थेट स्टेजवर. पदर खोचला, पर्स माझ्याकडे फेकली आणि गुजराती, तेलुगू, पंजाबी बायकांच्या मधोमध चक्क झिम्म्याची पावलं टाकायला लागली. गाणं कुठलं वाजतंय ह्याच्याशी तिचं देणंघेणं नव्हतं. खाली उतरल्यावर म्हणाली, "इथं कुणी ओळखत नाही गं आपल्याला."

वरच्या डेकवर मिरजेतलेच दोघे बसले होते. ते आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.

साऊंडवाला

बावीस वर्षं कॉलम (मोठे स्पीकर) उचलतोय, त्यात कंबर आणि कान दोन्ही गेले. रात्री दहा हा माझ्या धंद्यातला सगळ्यात मोठा आकडा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. माझ्या अँप्लिफायरचा पंखा त्याच्या जवळपास जात असेल.

आमच्याकडे जत्रेला, उत्सवाला देवळासमोर मराठी नाटक होतं. गावातलेच कलाकार, महिना-दोन महिने तालमी. आधी पालखी, मग आरती, मग पावणी (देवापुढच्या वस्तूंचा लिलाव), मग पाहुण्यांचा सत्कार, मग दुसऱ्या पाहुण्यांचा सत्कार. नाटकाला पडदा उघडेपर्यंत दहा कुठेच मागे पडलेले असतात. पूर्वी नाटक संपताना कोंबडा आरवायचा.

चार-पाच वर्षांपूर्वी पणजीपासून जवळच्या एका गावात संगीत नाटक होतं. पहिला अंक संपता संपता कुणीतरी तक्रार केली आणि पोलीस आले. सभ्य होते, म्हणाले, "मायक बंद करा, नाटक करा." मी आवाजाचे फेडर खाली ओढले. एकदम सगळं लहान झालं. लोकांनी खुर्च्या उचलून पुढे आणल्या, पोरं स्टेजच्या कडेला टेकली. ऑर्गनचा आवाज इतका स्वच्छ मी त्याआधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं तो माझ्याच कॉलममधून ऐकत होतो ना!

आता सगळे म्हणणार, वा, काय अनुभव. थांबा. विंगेतल्या प्रॉम्प्टरला कुणी सांगितलंच नाही की आता मायक नाही. तो आपल्या सवयीच्या आवाजात. त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी विंगेतून, मग नायकाच्या तोंडून. दुसऱ्या अंकात लोक नायकाच्या आधीच हसायला लागले. खलनायकाने तर विंगेकडे बघून "कळलं" म्हटलं.

बिल मात्र पूर्ण मिळालं.

अठरा जून रोड

पणजीच्या ह्याच रस्त्यावर दुकानदार आहे. कपड्यांचं दुकान. बाहेरच्या लोकांना दोन गोष्टींचा राग: आम्ही दुपारी एकला बंद करतो आणि रात्री साडेआठला परत बंद करतो. दुपारी जेवून झोपायचं असतं. रात्रीचं सांगतो. मी एका डिसेंबरात पंधरा दिवस साडेदहापर्यंत दुकान उघडं ठेवून पाहिलं. दोन पोरं जास्तीची, त्यांचा पगार, वीज. आलेली माणसं जहाजावर जायच्या वाटेवरची. शर्ट बघत नाहीत, बूट विचारतात, कारण चपलांवर आत सोडत नाहीत असं कुणीतरी सांगितलेलं. मी बूट विकत नाही. सोळाव्या दिवशी साडेआठला शटर ओढलं. काजूवाल्यांचं गणित वेगळं, त्यांना उशिराचं गिऱ्हाईक असतं.

कार्निव्हलच्या शनिवारी मात्र दुपारनंतर दुकान नावालाच. किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, येतो, "खा, पिये आनी मजा कर" म्हणून जातो, आणि माझ्या पायरीवर तीनशे माणसं बसतात. एकही आत येत नाही.

कांपालचा म्हातारा

मिरजेच्या बाय, तुझ्या मावशीला नमस्कार सांग.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. माझी रात्र कला अकादमीत गेली. चार्ल्स कोरियांनी ती इमारत अशी बांधली की तिकीट नसलेला माणूसही आतून चालत थेट नदीपर्यंत जाऊ शकतो. माझ्या तरुणपणी खिशात पैसे नसले की दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या बाहेर उभं राहायचं. दार उघडलं की तेवढा तुकडा ऐकू येई. एक ख्याल मी असा सात तुकड्यांत ऐकलाय. नोव्हेंबरात सूरश्री केसरबाई केरकर समारोह असला की घरी सांगून ठेवायचं, जेवायला थांबू नका. मधल्या वेळात कँटीनमध्ये बटाटवडा आणि चहा, समोर मांडवी. तिथे बसून गायकाच्या निषाद स्वरावर भांडलेली माणसं नंतर वर्षभर एकमेकांशी बोलत नसत.

दुरुस्तीसाठी २०२१ पासून ते बंद होतं. २०२३ च्या जुलैत खुल्या रंगमंचावरचं छत कोसळलं. रात्रीची वेळ, खाली कुणी नव्हतं म्हणून वाचलो. त्याच नोव्हेंबरात उघडलं तेव्हा गेलो होतो. आवाजाबद्दल जाणकारांचं बरंच म्हणणं आहे. मी आता एका कानाने ऐकतो, माझं मत धरू नका.

घरी परतायचा प्रश्न तेव्हाही होता. तेव्हा मी पर्वरीला राहायचो. १९८६ च्या जुलैत मांडवीचा पूल पडला आणि पुढे कितीतरी दिवस फेरीबोट हाच आधार. मैफल संपवून बेतीच्या फेरीला धावायचं. एकदा पावसात तबलजी आणि मी एकाच फेरीत. तबला त्याने स्वतःच्या रेनकोटमध्ये गुंडाळलेला, आणि तो आपण भिजत उभा.

आज दोन-दोन पूल आहेत, वर अटल सेतू आहे. पण रात्री नऊनंतर गावाकडची बस आहे का? कार्यक्रमाला येणारे निम्मे लोक शेवटच्या गाण्याआधी घड्याळ बघत उठतात ते त्यासाठी.

मळ्यातली

म्हातारेबाबांच्या शेवटच्या ओळीखाली माझा अंगठा. मी रात्री नऊला सुटते. टॅक्सीचं भाडं दिवसाच्या पगाराचा लचका तोडतं. नाइटलाइफ म्हणे.

कीबोर्ड आणि एक माणूस

ऑक्टोबर ते मार्च माझा सीझन. हॉटेलच्या आवारात मी, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह. ड्रम्स, बास, गिटार सगळं पेन ड्राइव्हमध्ये. माझे वडील क्लबांच्या नाचांना ट्रंपेट वाजवायचे, आठ जणांच्या बँडमध्ये. मला आठ जणांचं एकट्याने वाजवायचं असतं आणि पैसे एकाचेच. गेल्या वर्षी एका हॉटेलने तीन रात्रींचे अजून दिलेले नाहीत. मॅनेजर बदलला, नव्याला जुनं माहीत नाही.

पण एक आहे. ब्रेकमध्ये कधी कधी मी पेन ड्राइव्ह काढून ठेवतो आणि एखादा मांडो (जुनं कोंकणी गाणं) नुसता वाजवतो. एकदा कोपऱ्यातला वेटर ट्रे घेऊन थांबला. ट्रेमधला सोडा गरम झाला, गिऱ्हाईक ओरडलं, तरी तो शेवटची ओळ संपेपर्यंत हलला नाही. गोव्यातल्याच काणकोणचा होता. टिप म्हणाल तर ती.

नदीसमोर

जहाजांचे दिवे माझ्या बेडरूमच्या भिंतीवर हिरवे-जांभळे फिरतात. जाड पडदे लावले. दारात गाड्या लागतात, पहाटे तीनला जिंकलेला मोठ्याने बोलतो आणि हरलेला भांडतो. कॅसिनोंविरुद्धच्या मोर्च्यालाही गेलेय. आणि हेही लिहिते, कारण खरं लिहा म्हटलंय: माझ्या खालच्या दोन खोल्या भाड्याने आहेत. दोन्हीत कॅसिनोतली मुलं. भाडं वेळेवर देतात, दिवसा झोपतात, आवाज नाही. त्यातला एक दर दिवाळीला माझा कंदील लावून देतो. पत्तेवाल्या, तू तो नव्हेस ना?

घुमटवाला

चतुर्थीला पणजी बघितलीय का कुणी? सगळे आपापल्या गावी. संध्याकाळीच सुनसान. आमची रात्र तेव्हा गावात सुरू होते.

घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता ते बेकायदा, म्हणून बकऱ्याचं. २०१९ ला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. रात्री दमट हवेने कातडं सैल पडतं आणि आवाज बसका होतो. मग आरत्यांच्या मधे ते विस्तवाजवळ धरून शेकायचं, बोटाने टिचकी मारून ऐकायचं, परत शेकायचं. जास्त शेकलं तर फाटतं. शामेळ (ढोलकं) आणि कासाळं (झांजा) जोडीला. घर संपलं की पुढचं घर, प्रत्येक घरी उसळ, करंज्या आणि चहा. सातव्या घरी उसळ बघवत नाही, पण नाही म्हणता येत नाही.

साऊंडवाले बाब, आमच्यात मायक नाही.

पत्तेवाला

नदीसमोरच्या काकी, मी पर्वरीला राहतो. पण कंदील लावणारा आमच्याच फ्लोअरवरचा असणार. आज भेटला की विचारतो.

आणि धागा काढणारे दादा, तो रसवाला गाडा सकाळी सहाला कुठे मिळत नाही का हो?