टाक्यांवर हळद-तेल नको

ताई, सासूबाई सिझरच्या टाक्यांवर हळद-तेल लावायला आणि बाजेखाली शेगडी ठेवायला सांगतात, असं तुम्ही लिहिलंय. त्यांची माया खरी आहे. सुनेच्या सिझरच्या वेळी मीही हळदीची वाटी घेऊन बसले होते; आशाताईंनी (गावच्या आरोग्यसेविकेनं) थांबवलं, फार बरं झालं. पाठीची मालीश वेगळी, पण टाक्यांवर डॉक्टरांनी दिल्याशिवाय काहीच लावू नका. शेकाने घाम येतो, पोटाच्या घडीत ओल राहते आणि तिथंच जंतू वाढतात. आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्यात तर जास्तच. आंघोळीनंतर स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका. परकराची नाडी टाक्यांवर येऊ देऊ नका, त्यापेक्षा सैल गाऊन बरा. खोकताना पोटाशी उशी धरा. पाण्याचे गुंड ६ आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणी भरावेत.

पू, घाण वास, वाढती लाली, टाका उघडणं, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. आशाताई ४२व्या दिवसापर्यंत बाळाला बघायला येतात, तेव्हा त्यांना टाकेही दाखवा, लाजू नका.