सवलत सरकारी पैशाची. रोजगार मोजायचा कोणी आणि कसा?

रेवती_क (धागाकर्ती)
गुजरातेत साणंदच्या, मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या सेमीकंडक्टर (चिप) प्रकल्पाची घोषणा जून २०२३ मध्ये झाली, तेव्हा एकूण खर्च २.७५ अब्ज डॉलर सांगितला गेला. त्यातला ५० टक्के भार केंद्राचा, २० टक्के राज्याचा आणि थेट रोजगार ५,०००. पुढच्याच वर्षी केंद्रीय मंत्री एच. डी. कुमारस्वामी यांनी एका नोकरीमागे ३.२ कोटी रुपये अनुदान पडते, असा हिशेब जाहीरपणे मांडला. माझा आक्षेप त्या प्रकल्पाला नाही. या भागाकारातला ५,००० हा आकडा आश्वासनाचा आहे, मोजणीचा नव्हे, हे मला खटकते. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक माणसागणिक एकच असतो. सवलतीचा प्रत्येक हप्ता देण्यापूर्वी, वर्षात किमान दहा महिने वर्गणी भरली गेलेले किती यूएएन त्या कारखान्यात आहेत, एवढे तपासून तो आकडा सरकारने प्रसिद्ध करावा.

चाकणकर
हा निकष मला अन्यायाचा वाटतो. चाकणला पाळी सुटताना मोठ्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभे राहून पाहा: सुटे भाग घेऊन आलेले टेम्पो, कामगारांना डबे पुरवणाऱ्या बायका, टायर पंक्चरवाला. निधीचा कायदा साधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेपासून लागू होतो, म्हणजे यांतले बहुतेक जण तुमच्या हिशेबात येणारच नाहीत. वाहन उद्योगाचा खरा रोजगार पुरवठादारांच्या साखळीत असतो. फाटकाच्या आतली माणसे मोजून प्रकल्प नापास करणे म्हणजे झाडाची फळे सोडून खोड मोजणे.

हजेरीपट
मी सहा वर्षे कामगार ठेकेदाराच्या कार्यालयात हजेरी लिहिली आहे. एकच फिटर जानेवारीत एका ठेकेदाराकडे, जूनमध्ये दुसऱ्याकडे आणि दिवाळीनंतर तिसऱ्याकडे. तिघांच्याही विवरणात तो ‘नवी भरती’ म्हणून दाखवलेला. कामाची जागा तीच, यंत्र तेच. त्यामुळे यूएएनचा आग्रह मला पटतो. मात्र तोच फिटर आधी भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये कामाला असेल, तर त्याची नोकरी निर्माण झाली नाही, फक्त हलली. आधीच्या वर्षी तो कुठे होता, हे त्याच क्रमांकावरून बऱ्याच अंशी कळू शकते. ते कोणी विचारत नाही.

चाकणकर
पण आधीचा मालक निधी भरतच नसेल, तर जुना कामगारही नवा दिसेल. तुमची मोजणीही फुगीरच ठरेल.

माणदेशी
आपल्याकडे मोजणीची जुनी परंपरा आहे. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि हिशेब मनुष्यदिवसांचा, म्हणजे एका माणसाचे एक दिवसाचे काम तो एक. डोकी मोजण्यापेक्षा दिवस मोजणे मला अधिक प्रामाणिक वाटते. तरी त्याची मर्यादाही सांगतो. पाझर तलाव खोदणाऱ्यांचे दिवस हजेरीपटावर आले. त्या तलावाने विहिरींना पाणी वाढल्यावर रब्बीत जी खुरपणी-काढणीची कामे मिळाली, ती कुठल्याच हजेरीपटावर आली नाहीत. चाकणकरांचे म्हणणे मला म्हणूनच उडवून लावता येत नाही.

रेवती_क
साखळीतला रोजगार खरा आहे, हे मी मान्य करते. त्याचा अंदाज वेगळ्या रकान्यात जरूर द्यावा. पण अंदाजावर पैसे देऊ नयेत. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉन या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या, आश्वासन १३,००० नोकऱ्यांचे होते. करसवलत मोजलेल्या भरतीशी बांधलेली असल्याने किमान भरती झाली नाही तेव्हा राज्याने ती नाकारली, आणि २०२१ च्या सुधारित करारात १,४५४ नोकऱ्या व ८ कोटी डॉलर उरले.

माणदेशी
करसवलत वाचली, पण जमीन आणि रस्त्यांवर स्थानिक संस्थांनी केलेला खर्च आधीच होऊन गेला होता. आपल्याकडेही स्वस्त जमीन पहिल्याच दिवशी दिली जाते. त्या जमिनीचा हप्ता कसा पाडणार, ते सांगा.

रेवती_क
भूखंड सवलतीच्या दराने द्यायचाच असेल, तर दरातला फरक करारातच लिहावा आणि पाचव्या वर्षी कबूल केलेले मनुष्यदिवस भरले नाहीत, तर त्या प्रमाणात तो वसूल करावा.