लाल जिवाणू: अ‍ॅसिटेटवर दाणे, मॅलेटवर गायब?

गाळवाला_सोलापूर: सिद्धेश्वर तलावाचा गाळ बाटलीत भरून खिडकीत ठेवला होता. जांभळट लाल थर धरला, त्यातले जिवाणू वेगळे वाढवले. अ‍ॅसिटेट हे खाद्य दिलं की सुदान ब्लॅकने (चरबीसारखे पदार्थ दाखवणारा काळा रंग) पेशीत काळे दाणे ठसठशीत दिसतात. मॅलेट या दुसऱ्या खाद्यावर दाणे जवळपास नाहीत, वाढ मात्र झकास. उजेडाचा बल्ब दोन्हींना तोच. साठवणं सोडलं का ओ यांनी?

जुना_लॅबवाला: सोडलं नाही, कोठार बदललं. अ‍ॅसिटेट दोन कार्बनचं. त्यापासून झालेले अ‍ॅसिटिल-कोएचे (पेशीत दोन कार्बनचा तुकडा वाहणारा रेणू) दोन रेणू जुळतात, त्यांचं क्षपण होतं, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन मिळतात, आणि पॉलीहायड्रॉक्सीब्युटिरेट हा चरबीसारखा साठा तयार होतो. तेच तुमचे काळे दाणे. जादा इलेक्ट्रॉनही त्यातच जिरतात. मॅलेट चार कार्बनचं, तिथून ग्लुकोजकडे जाणं सोपं, म्हणून ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोजच्या साखळ्यांचा साठा, साठतं. सुदान ब्लॅक ते दाखवणारच नाही! डुडोरॉफ आणि स्टॅनियर या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच रोडोस्पिरिलम या अशाच जिवाणूमध्ये हा फरक दाखवलाय. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) प्रकाशातून मिळतं, त्यामुळे दिलेला कार्बन जाळण्यापेक्षा साठवणं यांना परवडतं.

उन्हाळी: एप्रिलात बाटली खिडकीतून काढा बे. आपल्याकडचं ऊन म्हणजे थेट रस्सा.

गाळवाला_सोलापूर: काढली कवाच. मग मॅलेटवाल्यांना आयोडीन लावू?

जुना_लॅबवाला: लावा, तांबूस-तपकिरी रंग आला तर ग्लायकोजेन. एका नळीत अमोनियम क्लोराईड, म्हणजे नायट्रोजन देणारा क्षार, कमी ठेवा. नायट्रोजन कमी पडला की प्रथिनं बनणं अडतं, साठा फुगतो. आणि नळी काठोकाठ भरा, हवा नको.