पाणीवाटपाचे करार जुन्या सरासरीवर किती काळ चालवायचे?

धागालेखक

नदीखोऱ्यातील पाण्याचे हिस्से ठरावीक घनमापात बांधून न देता त्या त्या वर्षीच्या प्रत्यक्ष प्रवाहाच्या टक्केवारीत द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या १९२२ सालच्या करारात वरच्या आणि खालच्या खोऱ्याला दर वर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एक एकर जमिनीवर एक फूट उंच साठेल इतके) पाणी देऊ केले गेले. पण ज्या नोंदींवरून हा हिशोब मांडला, ती वर्षे नेमकी भरघोस पाण्याची होती. मूळची ही चूक तापमानवाढीने आणखी महाग केली. २००० ते २०१४ या काळात नदीचा सरासरी प्रवाह १९०६ ते १९९९ च्या सरासरीपेक्षा १९ टक्क्यांनी कमी राहिला आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या घटीतील सुमारे एक तृतीयांश वाटा वाढत्या उष्णतेचा असल्याचे दाखवले. जे पाणी नदीत येतच नाही, ते कागदावर वाटून काय साधणार?

पहिला प्रतिसाद

आकड्यांविषयी माझा वाद नाही, परंतु हवामानाकडे बोट दाखवले की उपशाचा प्रश्न मागे पडतो, ही माझी मुख्य हरकत आहे. अमू दर्या आणि सिर दर्या या मध्य आशियातील नद्यांचे पाणी १९६० च्या दशकापासून प्रामुख्याने कापसाच्या सिंचनाकडे वळवले गेले आणि त्यांच्याच पाण्यावर भरणारा अरल समुद्र आटला. तो माणसाने घेतलेल्या निर्णयाचा परिणाम होता. जगभरात उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी शेतीला लागते. शिवाय टक्केवारीने वाटप केले की अनिश्चिततेचा सगळा भार शेतकऱ्यावर येतो. हंगामी पीक घेणारा एखादे वर्ष रान पडीक ठेवू शकेल; फळबाग लावलेल्याने काय करायचे?

दुसरा प्रतिसाद

बर्फाच्या पाण्यावर वाहणाऱ्या एका नदीच्या मापनकेंद्रावर मी काही वर्षे नोंदी घेतल्या आहेत, म्हणून उपसा आणि हवामान यांची अशी फारकत मला पटत नाही. बर्फ लवकर वितळला की खालची काळी माती उघडी पडते, ती बर्फापेक्षा कितीतरी जास्त ऊन शोषून घेते, झाडेझुडपे लवकर पाणी ओढू लागतात आणि आदल्या वर्षी कोरडी पडलेली जमीन आपला वाटा सर्वांत आधी घेते. मापनपट्टीवर याचा अर्थ स्पष्ट दिसतो: पाण्याचा चढ काही आठवडे आधी येतो, आणि पिकांना खरी गरज असते तेव्हा पाणी पट्टीच्या तळाशी गेलेले असते. वर्षाची बेरीज फारशी बदलली नाही, तरी पाणी हाताशी राहत नाही. हिमनद्यांचे पाणी तर अधिक फसवे आहे, कारण त्या झिजत असताना काही दशके प्रवाह वाढतो आणि त्यानंतर तो कमी होत जातो. त्या वाढलेल्या प्रवाहाच्या भरवशावर नवे कालवे काढणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

धागालेखक

फळबागेचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो गृहीत धरला नव्हता. पिण्याचे पाणी, बहुवार्षिक पिके आणि नदीत राखायचा किमान प्रवाह यांसाठी एक हिस्सा आधी बाजूला काढावा आणि उरलेलेच पाणी टक्केवारीने वाटावे, असा बदल मी माझ्या मांडणीत करतो. मात्र तो हिस्सा दर काही वर्षांनी नव्या नोंदींवरून तपासला गेला पाहिजे.

पहिला प्रतिसाद

तसे असेल, तर माझा विरोध निम्म्यावर येतो. उरलेला निम्मा उपशाच्या मोजणीविषयी आहे: प्रत्येक कालव्यावर आणि विहिरीवर मोजमाप बसल्याशिवाय टक्केवारी नेमकी कशाची काढणार?