भावना वजा केल्या तर निर्णय सुधारतात का?

निर्णय घेताना भावना पूर्ण बाजूला ठेवाव्यात, असं बरेच जण म्हणतात. रागाच्या भरात लिहिलेल्या मेलपुरतं शंभर टक्के मान्य. पण भावना खरोखरच बाजूला पडलेली माणसं न्यूरॉलॉजीत पाहिली गेली आहेत, आणि त्यांचे निर्णय काही सुधारत नाहीत. मेंदूतज्ज्ञ अंतोनियो दमासिओ यांच्या रुग्णांमध्ये कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या-मधल्या भागाला इजा झालेले लोक होते. बुद्धी, स्मरणशक्ती, भाषा सगळं शाबूत, फक्त भावना बोथट झालेल्या. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या. गडी डायरी काढून जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांचे फायदे-तोटे मांडत बसला: आधीची कामं, हवामान, काय नि काय. शेवटी डॉक्टरांनीच ‘दोन्हींपैकी दुसऱ्या तारखेला या’ म्हटल्यावर ‘ठीक आहे’ म्हणून डायरी मिटली! आपल्याला पाचव्या मिनिटाला जो कंटाळा येतो, ‘जाऊ दे, काय फरक पडतो’ वाटतं, तेच त्याला वाटत नव्हतं.

गंमत म्हणजे हाच माणूस आदल्या दिवशी बर्फाळ रस्त्यावरून शांतपणे गाडी चालवत आला होता. पुढची गाडी घसरलेली पाहूनही त्याने घाबरून ब्रेक दाबला नाही. तेव्हा भावना बाजूला ठेवण्याचा मुद्दा तिथे लागू पडतो, हे कबूल. फक्त निसरड्या रस्त्यावर काय करायचं याचे नियम ठरलेले असतात, तारीख निवडायचे नसतात.