क्यूआरटीच्या (तातडीनं धावून जाणाऱ्या पोलीस पथकाच्या) जवानांना गाडीचं प्रशिक्षण द्यायचंय: जागा कोणती, पैसा कशावर घालू?

एमटी_उस्ताद (राजेंद्रनगर, इंदूर):
नमस्कार मंडळी. दलात बावीस वर्षं मोटार ट्रान्सपोर्टला काढली, शेवटची नऊ उस्ताद म्हणून. शेजारच्या एका जिल्ह्याच्या पोलिसांनी काम दिलंय. १६ जवान, २ जीप, ५ दिवस. संशयित गाडी थांबवणं, ताफ्यात चालणं, गाडीवर हल्ला झाला तर उतरणं, हे शिकवायचंय. एकूण रक्कम १,२५,०००. त्यातच जागा, डिझेल, जेवण. इंदूर-पीथमपूर-महू पट्ट्यात जागा सुचवा. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनीच लिहा, ही विनंती.

पीथमपूरकर_७७:
पीथमपूरचं नॅट्रॅक्स! दुसरा विचारच करू नका. ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, २०२१ मध्ये सुरू झाला. ब्रेक तपासायचे मार्ग वेगळे. आमच्या कंपनीची गाडी चाचणीला गेली तेव्हा मी आत बसलो होतो. तिरक्या वळणावर १४० चा वेग होता आणि स्टिअरिंग हललंसुद्धा नाही. जवानांनी एकदा हे अनुभवलं की भीती कायमची जाते.

सुदामानगरचे_काका:
अहो, ते वाहनं तपासायचं केंद्र आहे आणि या गृहस्थांकडे सव्वा लाख आहेत. त्यापेक्षा टेकनपूर. ग्वाल्हेरजवळ बीएसएफची मोटार ट्रान्सपोर्टची केंद्रीय शाळा आहे. माझा पुतण्या तिथून शिकून आला, आजही घाटात त्याच्याशेजारी मी निवांत झोपतो.

एमटी_उस्ताद:
काका, टेकनपूर उत्तमच आहे. पण तिथं पाठवायचं तर वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी. मला हे १६ जण येत्या १५ तारखेला मिळणार आहेत.

ताफ्यातला_चालक:
११ वर्षं बुलेटप्रूफ गाडी चालवली आहे, म्हणून हक्कानं सांगतो. नवी एसयूव्ही भाड्यानं घ्या आणि जे-टर्न, म्हणजे वेगात रिव्हर्स घेत गाडीचं तोंड गर्रकन फिरवणं, शिकवा. बाकी सगळं दुय्यम. एक मात्र लिहून ठेवा. जड गाडीला आठ-दहा वेळा जोरात ब्रेक मारले की पेडल मऊ लागतं, जळका वास येतो. तेव्हा गाडी लगेच उभी करून हँडब्रेक ओढायचा नाही. सावकाश दोन चकरा मारून ब्रेक थंड होऊ द्यायचे.

मल्हारगंज_भिया:
भिया, जे-टर्न कशाला? राजवाड्याच्या गल्लीत जीप सरळ रिव्हर्स घेता येत नाही लोकांना. आठ जवान, जॅकेट, हत्यारं धरली तर सातशे-आठशे किलो होतात. रिकाम्या गाडीवर शिकलेला माणूस भरलेली गाडी वळवतो तेव्हा ती कशी झोल खाते ते मी पाहिलंय. पोती भरून शिकवा.

ताफ्यातला_चालक:
पोती भरून शिकवणं म्हणजे ट्रकचा परवाना काढणं. मी तेच म्हणतोय, जड गाडी.

पट्टा_लावाच:
सीटबेल्ट! पोलीस लावत नाहीत, त्याबद्दल कुणीच बोललं नाही. आधी ते शिकवा.

ताफ्यातला_चालक:
हल्ला झाला तर पट्टा सोडेपर्यंत गोळी लागेल.

पट्टा_लावाच:
आणि गाडी दुभाजकावर आदळली तर? जॅकेट घालून, डावा हात बक्कलवर ठेवून शंभरदा सोडायला लावा. आमच्याकडे एक जवान आदळून तीन महिने बिछान्यावर होता. पट्ट्याला नावं ठेवणाऱ्यांनी त्याच्या आईला भेटावं.

एकदा_वाचलेला:
मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या सरावात एका जवानाच्या पाउचमध्ये भरलेलं मॅगझिन राहून गेलं होतं. रिकामं समजून लावलं, गोळी सुटली, जीपच्या दारातून आरपार गेली. पलीकडचा माणूस एका पावलानं वाचला. तो पलीकडचा मीच. तेव्हा मैदानावर एकही जिवंत काडतूस येता कामा नये. सकाळी एकानं झडती घ्यायची, दुपारी दुसऱ्यानं. रुग्णवाहिका फाटकाशी उभी असली पाहिजे. फोन केल्यावर येणारी नको. आणि दार म्हणजे आडोसा, हे जवानांच्या डोक्यातून काढा. आडोसा मिळालाच तर इंजिनामागे, चाकामागे.

दादरहून_इंदूरला:
२६/११ चं उदाहरण वर्गात घ्याच. रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर गाडीत असतानाच गोळीबार झाला, त्या क्वालिसमधून अरुण जाधव एकटे जिवंत राहिले. तीच रात्र, गिरगाव चौपाटीचा नाका. वायरलेसवर स्कोडाचा निरोप आला होता, नाकाबंदी तयार होती, गाडी थांबली आणि तुकाराम ओंबळेंनी कसाबची बंदूक धरून ठेवली. मागे पळणाऱ्यापेक्षा पुढं उभा असलेला नाका कामाचा, हे त्यावरून सांगता येतं.

पीथमपूरकर_७७:
म्हणूनच नॅट्रॅक्स. वेगाची सवय नसेल तर पाठलाग कसा करणार?

दादरहून_इंदूरला:
पाठलाग सोडायचा कधी, हे कोण शिकवणार? ८० च्या वेगात एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. शाळा सुटलेली असेल तर?

सुदामानगरचे_काका:
टेकनपूरला हे सगळं शिकवतात.

एमटी_उस्ताद:
सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते सांगतो, बऱ्याच जणांना पटणार नाही. ट्रॅक नाही, नवी गाडी नाही, जे-टर्न नाही. एका बंद कारखान्याचं आवार मालकानं लेखी परवानगीनं दिलंय. पहिले दोन दिवस इंजिन बंद. चढणं, उतरणं, पट्टा सोडणं, कोण कुठल्या दारातून, दोन जीप समोरासमोर आल्या तर कोणाच्या बंदुकीच्या नळीपुढं कोण येतो, एवढंच. तिसऱ्या दिवसापासून पोती भरून, पण ४० च्या वर नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं, ते चुन्याच्या रेघा मारून २० आणि ४० वर दाखवतो. वायरलेसवरून पुढचा नाका लावून घेणं आणि पाठलाग सोडणं, यांना पूर्ण एक दिवस. पैसा रुग्णवाहिकेवर आणि ८ टायरांवर जाईल. काल दोन्ही जीप पाहिल्या, टायरवर ‘१४१६’ छापलंय. म्हणजे २०१६ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेले, इतके जुने.

ताफ्यातला_चालक:
सरकारी जीपचे टायर तुम्ही का घेता? ते त्यांच्या एमटी शाखेचं काम. आणि जे-टर्नशिवाय हे प्रशिक्षण अर्धंच.

एमटी_उस्ताद:
मागणीपत्र दिलंय. पण मंजुरीची वाट पाहत या टायरांवर १६ पोरं बसवणार नाही. कारखान्याच्या फाटकाशी पहिली झडती १५ ला सकाळी ६ वाजता. एकदा_वाचलेला, तुम्ही इंदुरात असाल तर दुपारची झडती तुम्ही घ्याल का?

एकदा_वाचलेला:
येतो. पाचही दिवस.